कंट्री म्युझिक जुनं भारी की नवं? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी कंट्री ऐकतेय आणि ओळखीचे लोक, ऑफिसमधली पोरं, भाचरं, सगळी तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. माहिती जेवढी पक्की आहे तेवढीच दिलीय, मतं मात्र पूर्णपणे माझी आहेत, पटली नाहीत तरी चालेल.

कंट्री म्हणजे नक्की काय? हॅट घालून गिटार वाजवतात ते?

हॅट नंतर आली. मुळात हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब, कष्टकरी लोकांचं गाणं. अ‍ॅपलाचियन डोंगरातले खाणकामगार, कापूस वेचणारे, रेल्वेवर काम करणारे, छोटे शेतकरी. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधून आलेल्यांनी फिडल (म्हणजे गावाकडच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन) आणि जुनी कथागीतं आणली, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून बॅंजो हे तारवाद्य आणि ब्लूज ही दुःखाची गाणी आली, चर्चमधली भजनं त्यात मिसळली, आणि या सगळ्यातून जे काही शिजलं ते कंट्री. काउबॉयचा पोशाख नंतर हॉलिवूडच्या सिनेमांमुळे चिकटला, कारण आधी या गाण्यांना 'हिलबिली' म्हणायचे आणि तो शब्द हिणवणारा होता, म्हणजे आपल्याकडे कुणाला 'गावंढळ' म्हणावं तसा. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या यादीत 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव १९४९ मध्ये आलं.

माझ्यापुरती व्याख्या विचाराल तर एका ठरावीक माणसाची गोष्ट, साध्या शब्दात, तीन साडेतीन मिनिटात. बाकी वाद्यं बदलली तरी मला चालतं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका मतावर उभं आहे.

तू वसईची, तुला ही आवड लागली कुठून?

जिम रीव्हजमुळे. आणि हे फक्त माझं नाही, वसई, वांद्रे, गोवा, जिथे जिथे ख्रिस्ती वस्ती आहे तिथे विचारून बघा, जिम रीव्हज माहीत नाही असं जुनं घर सापडणं कठीण. आमच्या शेजारच्या अंकलकडे टेपरेकॉर्डर होता आणि डिसेंबर लागला की त्याची नाताळच्या गाण्यांची कॅसेट सुरू, कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, करताना आंटीच्या स्वयंपाकघरातून तो मऊ आवाज यायचा आणि आम्ही पोरं नेवऱ्या खायला तिकडे पडीक. तेव्हा हा माणूस टेक्सासचा आहे, आधी बेसबॉल खेळायचा, मग रेडिओवर निवेदक होता, यातलं काही माहीत नव्हतं. तो तर १९६४ मध्येच गेला होता, स्वतःचं छोटं विमान चालवत असताना नॅशव्हिल या कंट्रीचं केंद्र असलेल्या शहराजवळ वादळात सापडला, वय फक्त ४०. आम्ही ऐकत होतो तेव्हा तो जाऊन कितीतरी वर्षं झालेली, पण आमच्या गल्लीत तो दरवर्षी यायचा.

हे सगळं सुरू कधी झालं?

गावोगावी तर कधीपासूनच चालू होतं, पण धंदा म्हणून धरायचं तर १९२७ चा उन्हाळा. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे, तिथे राल्फ पीअर हा रेकॉर्ड कंपनीचा माणूस मशीन घेऊन आला आणि आसपासच्या गायकांना बोलावलं. त्यात कार्टर फॅमिली आली, नवरा, बायको आणि बायकोची नात्यातली बहीण मेबेल, जी तेव्हा पोटुशी होती आणि तशा अवस्थेत डोंगरातल्या खराब रस्त्याने गाडीतून आली, एका गाण्याचे ५० डॉलर मिळणार होते म्हणून. त्याच दिवसांत जिमी रॉजर्स आला, रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, होता, टीबीमुळे नोकरी गेलेली. कार्टर म्हणजे घर, देव, आई, डोंगर, आणि रॉजर्स म्हणजे रेल्वे, भटकंती, बायका, दारू. आजही कुठलंही कंट्री गाणं घ्या, या दोनपैकी एका घरचं निघतं. रॉजर्स १९३३ मध्ये पस्तिशीतच गेला, शेवटच्या रेकॉर्डिंगला तर स्टुडिओत खाट ठेवली होती, गाण्यांच्या मध्ये तो पडून राहायचा.

आणि हो, त्याचं यॉडलिंग, म्हणजे गाताना आवाज झटकन वर खाली उडवायची ती तऱ्हा. आपल्या किशोरकुमारने ते जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन या गायकांच्या रेकॉर्ड ऐकून उचललं असं सांगतात. म्हणजे मिसिसिपीच्या त्या रेल्वेवाल्याचा सूर आपण लहानपणापासून ऐकतोय, नाव माहीत नव्हतं एवढंच.

ग्रँड ओल ऑप्री म्हणजे काय? सारखं नाव येतं

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवरचा शनिवार रात्रीचा कार्यक्रम, १९२५ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे, शंभर वर्षं झाली. रेडिओ स्टेशन एका विमा कंपनीचं होतं. १९४३ ते १९७४ हा कार्यक्रम रायमन ऑडिटोरियममध्ये व्हायचा, जे मुळात प्रार्थनेसाठी बांधलेलं, बाकं चर्चसारखी, म्हणून त्याला कंट्रीचं मदर चर्च म्हणतात.

हे गोऱ्यांचंच संगीत ना? आपण कशाला ऐकायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर देताना मला अजून राग येतो, तुमचा नाही, ज्यांनी हा समज करून दिला त्यांचा.

बॅंजो आफ्रिकी लोकांनी आणलेलं वाद्य आहे. कार्टर फॅमिलीचा ए. पी. कार्टर गाणी गोळा करत गावोगाव फिरायचा तेव्हा बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा, सिमेंट फॅक्टरीतल्या अपघातात एक पाय गेलेला, कार्टर शब्द लिहून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा, मेबेलनेही त्याच्याकडून गिटार उचलली. रेकॉर्डवर नाव कार्टरचं. हँक विल्यम्सला (त्याच्याबद्दल पुढे सांगतेच) लहानपणी गिटार शिकवली रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या वादकाने. ऑप्रीच्या पहिल्या मोठ्या स्टारपैकी एक डीफोर्ड बेली, हार्मोनिकावर रेल्वेचा असा हुबेहूब आवाज काढायचा की लोक वेडे व्हायचे, तोही काळा, दौऱ्यावर बाकीच्यांबरोबर हॉटेलात राहायची परवानगी नाही, आणि १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. कंट्रीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, त्याचं नाव लागलं २००५ मध्ये, तो गेल्यानंतर २३ वर्षांनी.

मग वेगळं झालं कसं? रेकॉर्ड कंपन्यांनी विकण्यासाठी दोन कप्पे केले, काळ्यांच्या रेकॉर्ड 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांच्या 'हिलबिली'. एकाच गावात एकच गाणं दोघं गात असले तरी कॅटलॉग वेगळे. दुकानदारीसाठी मारलेली रेघ लोकांनी खरी मानली. १९६० च्या दशकात चार्ली प्राइड या काळ्या गायकाची पहिली गाणी बाजारात आली तेव्हा कंपनीने त्याचा फोटो लपवला होता, लोकांना आवाज आवडू दे, रंग नंतर कळू दे म्हणून. आणि तोच चार्ली प्राइड १९७१ मध्ये वर्षातला सर्वोत्तम कलाकार ठरला. रे चार्ल्स या काळ्या गायकाने १९६२ मध्ये कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बम केला, तो ऐकाच ऐका, त्यात गाणी तीच पण आवाज लागला की कळतं की ही रेघ किती खोटी होती.

ते रडल्यासारखं वाजणारं वाद्य कुठलं?

स्टील गिटार. आणि हे आलं हवाईहून! जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून वाजवायची पद्धत रुजवली असं मानतात, तिथून ती अमेरिकेत पसरली, मग कंट्रीत गेली. १९५४ च्या सुमाराला पायडलवाली पेडल स्टील ऐकू यायला लागली, म्हणजे सूर वाजत असतानाच पाय दाबून एखादी तार वर चढवता येते. आपल्या कानाला ती लगेच जवळची वाटते कारण आपल्याकडे मींड आहे, दोन सुरांच्या मधली जागा आपल्याला रिकामी वाटतच नाही.

तीच हवाईयन गिटार भारतातही आली. ताउ मो हा हवाईचा वादक १९४० च्या दशकात कोलकात्यात राहायचा, पुढे मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या धून याच गिटारवर वाजवल्या आणि त्या रेकॉर्ड घराघरात गेल्या. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा केली, आणि १९९० च्या दशकात त्यांनी जेरी डग्लस या ब्लूग्रास (कंट्रीचाच एक वेगवान प्रकार) वाजवणाऱ्या डोब्रोवादकाबरोबर, डोब्रो म्हणजे आडवी धरून वाजवायची तशीच सरकत्या सुरांची गिटार, अल्बमही केला. दोन चुलतभाऊ खूप वर्षांनी भेटल्यासारखं वाटतं मला ते ऐकताना.

हँक विल्यम्सचं एवढं काय आहे?

२९ व्या वर्षी गेला. १ जानेवारी १९५३, कार्यक्रमाला जाताना कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर. त्याआधीच्या उन्हाळ्यात ऑप्रीने त्याला दारूपायी काढून टाकलं होतं. पाठीच्या मणक्याचं जन्मापासूनचं दुखणं, त्यावर औषधं, त्यावर दारू. शिक्षण जेमतेम. आणि एवढ्याशा आयुष्यात त्याने एकटेपणावर जे लिहिलंय ते मी अजून रात्री दिवे बंद करून ऐकते. त्याच्या गाण्यात अवघड शब्द एक नाही. पक्षी, रेल्वे, चंद्र, पडणारा तारा, बास. पण एकानंतर एक असे येतात की शेवटी घसा दाटतो. हे सोपं वाटतं म्हणून लोक त्याला कमी लेखतात. लिहून बघा म्हणजे कळेल.

सगळी रडगाणीच का असतात? दारू, घटस्फोट, कुत्रा मेला, ट्रक बिघडला?

कारण माणसं खरंच अशी जगत होती. नाचाची गाणी पण ढीगभर आहेत, वेस्टर्न स्विंग ऐका, पाय थांबत नाहीत. पण दुःखाच्या गाण्याबद्दल मला माफी मागावीशी वाटत नाही. दिवसभर खाणीत काम करून आलेल्याला कुणीतरी त्याचंच गाणं म्हणून दाखवलं तर त्याला बरं वाटतं, आपल्याकडे जात्यावर बायका सासरचं दुःख गायच्याच ना.

बायकांचं काय? सगळे बाप्येच दिसतात

दिसतात कारण रेडिओ त्यांनाच जास्त वाजवतो. गाणाऱ्या बायका तर सुरुवातीपासून आहेत आणि माझ्या मते कंट्रीतलं सगळ्यात धीट लिखाण त्यांचंच आहे.

लोरेटा लिन, केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, विशीत पोचेपर्यंत चार मुलं. तिने १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं, एक बाई नवऱ्याला ठणकावून सांगते की आता पुरे, सारखी बाळंतपणं मी काढणार नाही. किती तरी स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. पण ते तरीही वर चढलं, कारण खेड्यापाड्यातल्या बायकांना डॉक्टरांनी समजावून जे कळलं नव्हतं ते या गाण्यातून कळलं. मला विचाराल तर हे गाणं कुठल्याही भाषणापेक्षा मोठं काम आहे.

डॉली पार्टन बारा भावंडांतली. तिचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' लोकांना व्हिटनी ह्यूस्टनचं वाटतं, पण ते डॉलीने लिहिलं आणि १९७४ मध्ये गायलं, आपल्या जुन्या जोडीदार गायकाची टीम सोडताना निरोप म्हणून. एल्व्हिसला ते गायचं होतं पण त्याच्या मॅनेजरने अर्धे हक्क मागितले आणि ती नाही म्हणाली, रात्रभर रडली पण नाहीच म्हणाली. म्हणून १९९२ मध्ये व्हिटनीचं गाणं जगभर गाजलं तेव्हा लेखिकेचे पैसे तिलाच मिळाले. व्हिटनीचा आवाज आभाळाएवढा आहे, मान्य, पण मला डॉलीचं हळू आवाजातलं जास्त खरं वाटतं.

पॅट्सी क्लाइनबद्दल एकच सांगते. तिचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं विली नेल्सनने लिहिलेलं, १९६१ चं, तेव्हा ती मोठ्या कार अपघातातून उठली होती आणि बरगड्या दुखत असल्याने वरचे सूर लागेनात, म्हणून तिचा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करावा लागला. दोन वर्षांनी विमान अपघातात गेली, तिशीतच.

आणि एवढं सगळं होऊनही २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ सल्लागाराने सरळ म्हटलं की लागोपाठ बायकांची गाणी लावू नका, सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे लेट्युस आणि बायका म्हणजे अधूनमधून घालायचे टोमॅटो. हे वाचलं तेव्हा मी त्या दिवशी फक्त बायकांचीच गाणी ऐकली.

म्हणजे तुझं मत जुनंच चांगलं, बरोबर?

नाही हो, आणि इथेच माझं बऱ्याच जुन्या चाहत्यांशी भांडण होतं. 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' हे वाक्य कंट्रीत पहिल्यापासून चालू आहे. ऑप्रीच्या स्टेजवर ड्रम्सना कितीतरी वर्षं मनाई होती, तेव्हा ड्रम्स म्हणजे बाटवाबाटवी! १९५० च्या दशकाच्या शेवटी चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या रेकॉर्ड निर्मात्यांनी फिडल काढून व्हायोलिनचा ताफा आणि मागे कोरस घातला, त्याला नॅशव्हिल साउंड म्हणतात, तेव्हाही लोक ओरडले की हे पॉप झालं. आणि आज जुनं अस्सल म्हणून ज्यांची नावं घेतात त्या पॅट्सी आणि माझा लाडका जिम रीव्हज, दोघं त्याच नव्या पद्धतीचे! मग त्याला कंटाळून कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्डने कडक इलेक्ट्रिक गिटारवालं कंट्री काढलं, मग १९७० च्या दशकात विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्सने नॅशव्हिलच्या निर्मात्यांचं ऐकणं सोडलं. १९७५ च्या बक्षीस समारंभात जॉन डेन्व्हरचं नाव पुकारायचं होतं, पुकारणाऱ्या चार्ली रिचने स्टेजवर लायटर काढून तो कागदच पेटवला. म्हणजे भांडण केवढं जुनं आहे बघा.

जुन्यातलंही सुमार भरपूर होतं. ते आता कुणी वाजवत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही, गाळून गाळून उरलेलं ऐकतो आपण.

जॉन डेन्व्हर कंट्री आहे की नाही मग?

आहे. माझ्यासाठी तरी आहे. भारतात कॉलेजच्या ट्रिपला बसमध्ये 'कंट्री रोड्स' म्हटलं नाही असं झालंय का कधी? ते १९७१ चं गाणं, लिहायला सुरुवात केली एका जोडप्याने, ज्यांनी तोवर वेस्ट व्हर्जिनिया नीट पाहिलंही नव्हतं, मेरीलँडमधल्या एका रस्त्यावरून जाताना सुचलं. आणि २०१४ पासून ते वेस्ट व्हर्जिनियाच्या अधिकृत राज्यगीतांपैकी एक आहे. तिथल्या लोकांना आपलं वाटलं ना, मग अस्सल नकली ठरवणारे आपण कोण.

मग नव्यातलं काय आवडत नाही?

२०१२-१३ च्या आसपासचं ते पिकअप ट्रक, बीअर, जीन्सची चड्डी घातलेली मुलगी, मातीचा रस्ता, परत पिकअप ट्रक. त्याला 'ब्रो-कंट्री' नाव पडलं. मला ड्रम मशीनचा राग नाही, रॅपचाही नाही. राग आहे तो त्या गाण्यात माणूसच नसतो याचा. ती मुलगी कोण आहे, तिचं नाव काय, ती सोमवारी सकाळी कुठे कामाला जाते? काही नाही, ती फक्त गाडीच्या बोनटवर बसलीय. लोरेटा लिनच्या गाण्यातल्या बाईला घर आहे, नवरा आहे, पोरं आहेत, संताप आहे. फरक तिथे आहे.

आणि आवडतं काय?

खूप! केसी मस्ग्रेव्ह्जचं २०१२ मधलं पहिलं गाणं, छोट्या गावात सगळे कसे ठरलेल्या वयात लग्न करून त्याच त्या चक्रात फिरत राहतात त्यावर, ते ऐकून मला आमच्याच गावातल्या मैत्रिणी आठवल्या. टायलर चिल्डर्स, केंटकीचा, त्याच्या आवाजात कोळशाची धूळ आहे. क्रिस स्टेपलटन, वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत होता आणि २०१५ मध्ये एका टीव्हीवरच्या समारंभात गायला आणि एका रात्रीत सगळ्यांना माहीत झाला. झॅक ब्रायन नौदलात होता तेव्हा साध्या मायक्रोफोनवर गाणी रेकॉर्ड करायचा, पहिल्या अल्बमला वारलेल्या आईचं नाव दिलं, आवाज फाटतो कधीकधी पण मला तो फाटलेलाच हवा आहे.

आणि ल्यूक कोम्ब्सने २०२३ मध्ये ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं 'फास्ट कार' गायलं. त्याने शब्द बदलले नाहीत, दुकानात काउंटरवर काम करणारी मुलगी आहे तर मुलगीच ठेवली. त्यामुळे ३५ वर्षांनी ट्रेसीला कंट्रीतलं वर्षातल्या गाण्याचं बक्षीस मिळालं, हे मिळवणारी ती पहिली काळी गीतकार. पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीला दोघं एकत्र गायले तेव्हा तो तिच्याकडे ज्या आदराने बघत होता ते बघून मला रडू आलं.

बियॉन्सेचा अल्बम कंट्री आहे का?

ती टेक्सासमध्ये वाढलीय, २०२४ च्या त्या अल्बममध्ये रिअ‍ॅनन गिडन्स बॅंजो वाजवते, जी बॅंजोचा काळा इतिहास कितीतरी वर्षं लोकांसमोर मांडतेय, आणि त्यात लिंडा मार्टेल आहे, १९६९ मध्ये ऑप्रीत एकटीने गाणारी पहिली काळी बाई, जिला नंतर लोक विसरून गेले. सगळीच गाणी मला आवडली नाहीत, अल्बम लांबलाय. पण कंट्री आहे. नॅशव्हिलच्या बक्षिसांत त्याला एकही नामांकन मिळालं नाही आणि ग्रॅमीत मात्र वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला, यावरून कुणाचे दरवाजे कुणासाठी बंद आहेत ते तुम्हीच बघा.

ही गाणी ऐकणारे सगळे एकाच पक्षाचे असतात का?

नाही. जॉनी कॅशने १९६८ मध्ये फोल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलं आणि कैद्यांची बाजू आयुष्यभर मांडली. दुसरीकडे २००३ मध्ये इराक युद्धाआधी एका गायिकेने लंडनच्या स्टेजवर अध्यक्षाविरुद्ध एक वाक्य बोललं तर त्या तिघींच्या बँडला रेडिओने जवळजवळ वाळीत टाकलं. दोन्ही याच घरात घडलं. मी त्या तिघींच्या बाजूने आहे.

उच्चार कळत नाहीत, काय करू?

पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. गोष्ट कळल्याशिवाय कंट्री अर्धंच ऐकल्यासारखं आहे.

एकच गाणं ऐकायचं असेल तर?

जॉर्ज जोन्स, १९८०, 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. एक माणूस म्हणाला होता की मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन, आणि आज त्याने प्रेम करणं थांबवलं. का थांबवलं ते गाणं हळूहळू सांगतं. जोन्सला स्वतःला वाटत होतं की हे फार दुःखी आहे, कुणी विकत घेणार नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवटच्या कडव्यापर्यंत मला कळलंच नव्हतं काय चाललंय, आणि कळलं तेव्हा विरार लोकलमध्ये उभी होते.

बाबांना जुनी हिंदी गाणी आवडतात, त्यांना काय लावून देऊ?

जिम रीव्हज, 'हील हॅव टू गो'. तो माइकला ओठ जवळजवळ टेकवून गायचा, म्हणून आवाज मोठा करायची गरज नाही, रात्री जेवणं झाल्यावर पंख्याचा आवाज असतो तेवढ्यात लावा. आधी गोष्ट सांगा त्यांना, एक माणूस बारमधून फोन करतोय, पलीकडे तिच्याजवळ कुणीतरी आहे, आणि तो तिला म्हणतोय की फोन आणखी जवळ धर. मग लावा.